निरोपाचा कोट

लोधिवलीच्या मिलिंद ओव्हाळांना कपड्यांची आवड नव्हती असं नाही, आवड ठेवायला त्यांना सवडच मिळाली नव्हती. रसायनीतल्या केमिकल कंपनीत ते लागले तेव्हा मिसरूड फुटत होतं आणि आता भुवयासुद्धा पिकल्या होत्या. एवढ्या काळात सकाळी उठून 'आज काय घालू?' असा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. खुंटीवर युनिफॉर्म असायचा आणि तो भिजलेल्या सिमेंटच्या रंगाचा होता. त्या रंगाला कंपनी 'स्टील ग्रे' म्हणत असे, पण कंपनीने नाव काहीही ठेवलं तरी घालणाऱ्याला रंग दिसतोच.

पूर्वी कंपनी दरवर्षी युनिफॉर्मचं कापड देई, तेही हात सैल सोडून. ओव्हाळांच्या बायकोकडे, सुनंदाबाईंकडे, शिवणयंत्र होतं. या दोन गोष्टी एका घरात आल्या की काय होतं ते पाहायचं असेल तर ओव्हाळांच्या घरी जावं. खिडक्यांना सिमेंटी पडदे, उशांना सिमेंटी अभ्रे, टीव्हीवर सिमेंटी झूल आणि गॅसच्या सिलिंडरला सिमेंटी घागरा. लेक दीक्षा शाळेत असताना गॅदरिंगमध्ये ढग झाली होती. तो ढगही याच कापडाचा होता आणि शाळेतल्या बाईंनी त्याचं फार कौतुक केलं होतं. युनिफॉर्म सोडला तर घरी लुंगी-बनियन आणि लग्नाला, जयंतीला, मयताला एक पांढरा सुती शर्ट, एवढाच ओव्हाळांचा पोशाख. त्यांचं काही अडत नव्हतं.

अडलं ते निवृत्तीपाशी. मे महिना संपत आला होता, घामाने माणसं निथळत होती आणि अशात कंपनीतल्या एचआरच्या तेजश्री मॅडमनी ग्रुपवर निरोप टाकला. शुक्रवारी दुपारी कँटीनच्या हॉलमध्ये ओव्हाळ सरांचा निरोप समारंभ, सपत्नीक यावे. इथपर्यंत ठीक होतं. खाली लिहिलं होतं : 'ड्रेस कोड - स्मार्ट कॅज्युअल.'

ओव्हाळांनी तो निरोप चष्मा लावून वाचला, चष्मा काढून वाचला आणि मग दीक्षाला फोन लावला. ती वाशीला एका ऑफिसात होती आणि अशा गोष्टींचा अर्थ सांगायला घरात तीच होती.

"पप्पा, सोपं आहे," दीक्षा म्हणाली. "नीटनेटकं दिसायचं. पण नीटनेटकं दिसायचा प्रयत्न केलाय, असं दिसता कामा नये."

"मंग प्रयत्न करायचा का नाय?"

"करायचा. पण दिसू द्यायचा नाही."

फोन ठेवून ओव्हाळ सिलिंडरच्या घागऱ्याकडे पाहत बसले. कॅज्युअल म्हटलं की त्यांना कॅज्युअल कामगार आठवे. कंपनीत सुरुवातीची कितीतरी वर्षं ते स्वतः कॅज्युअल होते. गेटवर उभं राहायचं, मुकादमाने बोट केलं तर आत, नाही तर घरी. त्यातून परमनंट व्हायला जन्म गेला आणि आता जाताना पुन्हा कॅज्युअल होऊन या, असं कुणीतरी सांगत होतं. मुलीच्या वयाच्या मॅडमना हे कसं सांगणार?

शिवाय त्यांच्या मनात कोट होता.

ही कोटाची गोष्ट जुनी होती. कंपनी बांधायला घेतली तेव्हा तिच्या कंपाउंडचे दगड ओव्हाळांच्या वडिलांनी, सोमाने, डोक्यावरून वाहिले होते. भिंत पुरी झाली आणि सोमा भिंतीच्या बाहेर राहिला. घरात बाबासाहेबांचा निळ्या कोटातला फोटो होता. त्याच्याखाली बसून सोमा पोराला म्हणायचा, "मिलिंदा, त्या भितीच्या आत आपल्या घरचं कुनीतरी कोट घालून खुर्चीत बसलेलं मला बघायचं हाय." मिलिंदा आत गेला खरा, पण युनिफॉर्म घालून. आणि रिअॅक्टरपाशी खुर्ची नसते. सोमा वाट बघून बघून वारला. सुनंदाबाई नव्या सून होत्या तेव्हापासून हे वाक्य त्यांनीही इतक्यांदा ऐकलं होतं की ते आता त्यांचंही झालं होतं.

आणि कंपनीच्या रिवाजाप्रमाणे ऑपरेटरला पुढच्या रांगेत, मधल्या खुर्चीत बसवतात तो दिवस एकच, निरोपाचा. ती खुर्ची शुक्रवारी मिळणार होती. कोट त्याच्या आत व्हायला हवा होता.

आता अशी गोष्ट मनातल्या मनात ठेवावी. पण ओव्हाळ ओट्यावर बसून बोलले आणि आळीला काम मिळालं. शेजारचा किशोर शेलूला फ्लॅट विकायचा आणि स्वतः कायम पांढऱ्या लिननमध्ये असायचा. दुपारी चारलासुद्धा त्याच्या शर्टाला सुरकुती नसे. त्यामुळे लोकांचा त्याच्यावर विश्वास बसत नसे, पण फ्लॅट विकले जात.

"दादा, कोट? मे महिन्यात?" किशोर म्हणाला. "माझ्याकडं बघा. लिनन. वरचं बटन उघडं. बाह्या दोन घड्या वर. गिऱ्हाइकाला वाटतं, यो मानूस निवांत हाय, याला पैशाची गरज नाय."

"पन मला निवांत नाय दिसायचं," ओव्हाळ म्हणाले.

पलीकडचे नवनाथ भोईर याच कंपनीतून आधी निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर त्यांनी कुणाला चांगला सल्ला दिल्याचं ऐकिवात नव्हतं. ते पायरीवरूनच म्हणाले, "मिलिंदा, काय पन घाल. मी युनिफॉर्मवर गेलो, युनिफॉर्मवर आलो. शाल दिली, घड्याळ दिलं. शाल टोचती नि घड्याळ बंद पडलं. दुसऱ्या दिवशी माजा लॉकर दुसऱ्याला दिला. तू कोट घाल नायतर गोधडी घाल, शनिवारी कुनाच्या ध्यानात ऱ्हानार हाय?"

यावर सगळे उठून आपापल्या घरात गेले. नवनाथ बोलले की आळीत तसंच व्हायचं.

तरी ओव्हाळ चौक गावच्या सदू टेलरकडे गेले. कंपनीच्या कापडाचे शर्ट शिवून शिवून सदूचे केस पांढरे झाले होते. त्याने निळं कापड काढलं, मुठीत चुरगाळलं, सोडलं. कापड जसंच्या तसं. "बघा. इस्तरीचं कामच नाय. उन्हात टाका, पान्यात टाका, कडक म्हंजे कडक." ओव्हाळांना ते फार आवडलं. असलं कडक राहणारं कापड कशाचं असतं हे त्यांना सगळ्या तालुक्यात सर्वांत चांगलं ठाऊक असायला हवं होतं. पण माणूस स्वतःसाठी पहिल्यांदाच काही घ्यायला गेला की जन्मभराचं शहाणपण दुकानाबाहेर चपलांपाशी राहतं.

कोट आला तो बुधवारी. अंगात बसला, खांद्यात बसला. फक्त डाव्या बाहीवर पेन अडकवायचा खिसा होता आणि छातीवर बटणाचे झाकणवाले दोन खिसे.

"सदूभाऊ, हे काय?"

सदूने कोट बघितला आणि कपाळावर हात मारला. "हात गेला वो सवयीनं. तुमचं माप घेतलं ना, मंग हाताला वाटलं युनिफॉरम हाय." खिसे उसवले तर भोकं पडतील, असं त्याचं म्हणणं पडलं. तेव्हा कोट तसाच घरी आला. सुनंदाबाईंनी बाहीच्या खिशावर निळ्या दोऱ्याने टाके घालून तो चपटा केला. लांबून कळत नव्हतं.

गुरुवारी नवीनच त्रांगडं उभं राहिलं. नवीन मॅनेजमेंट आल्यापासून कापड बंद होऊन तयार युनिफॉर्म मिळत आणि जाताना ते, ओळखपत्र, हेल्मेट आणि बूट स्टोअरमध्ये जमा करावे लागत. जमा केल्याशिवाय सुटका नाही. ओव्हाळ दोन जोड घेऊन जायचे, तर एकच सापडला. दुसऱ्याचं काय झालं हे विचारल्यावर सुनंदाबाईंनी दाराआडची बाजाराची पिशवी मुकाट्याने काढून पुढे केली. पिशवीला बंद होते, आणि बाहेरच्या बाजूला शर्टाचा मूळ खिसा, त्यावर कंपनीचं चिन्ह आणि 'एम. एस. ओव्हाळ' असं नाव.

"कापड चांगलं व्हतं," त्या म्हणाल्या. "मला काय ठावं, मागतील म्हून?"

स्टोअरच्या वाल्मिकने पिशवी उलटीपालटी केली. "साहेब, हा शर्ट आहे?"

"होता."

"आत कोथिंबिरीची काडी आहे."

ओव्हाळांनी काडी काढून घेतली. इतकी वर्षं ज्या माणसाने एक नट कधी घरी नेला नाही, त्याच्यावर जायच्या आदल्या दिवशी शर्टाची पिशवी केल्याचा आळ यावा आणि तो खरा असावा, याचं त्यांना फार वाईट वाटलं. वाल्मिक भला होता. त्याने 'शर्ट, फाटका' म्हणून पिशवी जमा करून घेतली. ओव्हाळ संध्याकाळी गेटबाहेर पडले ते आपला एकुलता एक पांढरा शर्ट घालून, गळ्यात ओळखपत्राची दोरी नसताना. मान सारखी हलकी वाटत होती आणि ते त्यांना आवडलं नाही.

शुक्रवारी दुपारी ते निघाले. पांढरा सुती शर्ट, दीक्षाने वाशीहून पाठवलेली बदामी पँट, जिला ती चिनोज म्हणे, आणि वर निळा कोट. सुनंदाबाईंनी निळ्या काठाची पांढरी साडी नेसली होती, खास ठेवणीतली, झुळझुळीत. आळीतला कुत्रा, जो ओव्हाळांच्या रात्रपाळीलाही कधी भुंकला नव्हता, तो कोपऱ्यापर्यंत भुंकत आला. नाक्यावर रिक्षात बसताना एकाने, "जय भीम दादा, कुणाचं लगीन?" विचारलं आणि दुसऱ्याने हळूच, "कोन गेलं?" विचारलं. कोटाच्या आत घामाच्या धारा लागल्या होत्या. पण सुनंदाबाई रिक्षाभर त्यांच्याकडे तिरक्या नजरेने बघत होत्या आणि एकदा म्हणाल्या, "मामंजी असायला पायजे व्हते." ओव्हाळांनी तोंड रस्त्याकडे केलं.

गेटवर नवा सिक्युरिटीवाला होता. ठेकेदाराचा माणूस, महिनाभरच झालेला. ओव्हाळ रोज त्याच्यासमोरून जात. पण त्याला ओळख होती ती हेल्मेटची, युनिफॉर्मची आणि गळ्यातल्या कार्डाची. या तिन्ही गोष्टी स्टोअरमध्ये वाल्मिकच्या कपाटात होत्या.

"काका, कार्ड?"

"जमा केलं काल."

"मग व्हिजिटर पास काढावा लागेल. कुणाला भेटायचंय?"

"कुनाला नाय. कार्यक्रम हाय आत."

"कुणाचा?"

"ओव्हाळांचा."

"मग ओव्हाळांना बोलवावं लागेल. ते येऊन तुम्हाला नेतील."

"अरे, ओव्हाळ मीच."

सिक्युरिटीवाल्याने कोटाकडे बघितलं, बाहीवरच्या शिवलेल्या खिशाकडे बघितलं. माणूस वाईट नव्हता, नोकरी नवी होती. त्याने फोन उचलून कँटीनला लावला. "ओव्हाळ आहेत का तिथे? ... बरं." फोन ठेवून तो म्हणाला, "ओव्हाळ अजून आले नाहीत. सगळे त्यांचीच वाट बघतायत. बसा तुम्ही."

आणि मिलिंद ओव्हाळ स्वतःची वाट बघत गेटबाहेरच्या लोखंडी बाकावर बसले. बाक उन्हात होता. शेजारच्या केबिनमध्ये एसी होता, पण तो कॅमेऱ्यांच्या मशीनसाठी, माणसांसाठी नव्हता. ओव्हाळांच्या नजरेसमोर कंपाउंडची भिंत होती. तिच्यातला कुठला दगड बापाने वाहिलाय हे ते लहानपणी ओळखायचा प्रयत्न करत. आज पुन्हा करून बघितला.

"तुमी मॅडमला फोन लावा की," सुनंदाबाई म्हणाल्या.

त्यांनी लावला. मॅडम हॉलमध्ये पाहुण्यांच्या खुर्च्या लावत होत्या, फोन वाजून वाजून थांबला. बऱ्याच वेळाने त्या स्वतःच धावत गेटवर आल्या. "सर! तुम्ही इथे? आम्ही तिकडे..." मग त्यांनी सिक्युरिटीवाल्याला चार शब्द सुनावले आणि त्याने तोंड पाडलं. सगळं मार्गी लागलं होतं. ओव्हाळ उठले, कोट खाली ओढला, आणि सुनंदाबाईंना पुढे घालून पाऊल टाकणार, तेवढ्यात तोच सिक्युरिटीवाला घाबरत म्हणाला, "मॅडम, पण... बोर्ड."

गेटच्या आतल्या बाजूला मोठा फलक होता. 'नायलॉन, पॉलिस्टर कपडे घालून आत जाऊ नये. ठिणगी माणूस बघत नाही.' त्यातलं दुसरं वाक्य ओव्हाळांचं होतं. सेफ्टी कमिटीत असताना त्यांनीच ते सुचवलं होतं, आणि रंगारी ते लिहीत असताना खाली उभं राहून ऱ्हस्व-दीर्घ बघितलं होतं. मुंबईहून आलेल्या एका बड्या साहेबाला त्यांनी याच फलकाखालून परत पाठवलं होतं. साहेब रागावले होते, ओव्हाळ हलले नव्हते. हा नियम त्यांनी इतक्या लोकांना सांगितला होता, की तो आपल्यालाही लागतो हे त्यांच्या डोक्यातूनच गेलं होतं.

"सर, कँटीन प्लँटपासून लांब आहे," तेजश्री मॅडम हळूच म्हणाल्या. "आजच्या दिवस..."

एक क्षणभर, खरं सांगायचं तर क्षणाहून जरा जास्तच वेळ, ओव्हाळांना मोह झाला. मग त्यांनी कोटाची बटणं काढायला सुरुवात केली. "नको मॅडम. नियम माजाच हाय."

सुनंदाबाईंनी स्वतःच्या झुळझुळीत पदराकडे बघितलं. कुणाला काही बोलावं लागलं नाही. त्यांनी हात पुढे केला, कोट घेतला आणि बाकावर परत बसल्या. "जावा तुमी. माजं काय एवढं."

"सर," तेजश्री मॅडमनी पांढरा शर्ट आणि बदामी पँट बघून अगदी मनापासून म्हटलं, "आता परफेक्ट! एकदम स्मार्ट कॅज्युअल!"

त्यानंतर सिक्युरिटीवाल्याने, कार्ड नसलेल्या प्रत्येकाला देतात तसं, ओव्हाळांना पिवळं जाकीट दिलं. त्याच्या छातीवर आणि पाठीवर मोठ्या अक्षरात 'व्हिजिटर' लिहिलेलं होतं.

समारंभ चांगला झाला. चांगला म्हणजे लवकर झाला. ओव्हाळ पुढच्या रांगेत, मधल्या खुर्चीत बसले. दोन्हीकडे साहेब लोक टी-शर्टमध्ये, निवांत दिसायचा प्रयत्न न दिसू देता बसलेले. साहेबांचं भाषण सुरू असताना फोन येत होता आणि साहेब तो बघून पालथा ठेवत होते. पिवळ्या जाकिटावर शाल पडली. घड्याळ मिळालं. फोटो काढला. तो फोटो कँटीनच्या भिंतीवर निवृत्तांच्या रांगेत, नवनाथ भोईरांशेजारी लागणार होता, हे ओव्हाळांना माहीत होतं. बाकी सगळे तिथे युनिफॉर्ममध्ये होते. हा एकटाच पाहुणा दिसणार.

"ओव्हाळ सर, दोन शब्द."

बापाची गोष्ट सांगायची त्यांनी आठवडाभर आरशासमोर तयारी केली होती. दगडाची, भिंतीची, कोटाची. ते उभे राहिले. समोर सिमेंटी रंगाची पोरं बसली होती, काहींच्या हातात सामोसा होता. कोट बाहेर बाकावर असताना कोटाची गोष्ट कशी सांगायची ते त्यांना कळेना. "सांभाळून काम करा," ते म्हणाले. "घरी वाट बघत असतात." आणि खाली बसले. टाळ्या झाल्या. पाळीचा भोंगा वाजला तसा हॉल रिकामा झाला. जाताना एका पोराने, "दादा, या परत," म्हटलं. कसं येणार, कुणाला भेटायला, हे त्याने सांगितलं नाही.

गेटकडे येताना त्यांना फार थकल्यासारखं झालं. नवनाथ बरोबर बोलला, उगाच केलं सगळं, असं त्यांना वाटत होतं. हातात शाल, घड्याळाचा डबा आणि कागदी बशीत सुनंदाबाईंसाठी झाकून घेतलेला सामोसा. बाकावर कुणी नव्हतं.

मग त्यांनी केबिनच्या काचेतून आत बघितलं आणि तिथेच थांबले.

ऊन सोसवेना म्हणून म्हणा, किंवा मघाच्या चुकीची भरपाई म्हणून म्हणा, सिक्युरिटीवाल्याने सुनंदाबाईंना केबिनमध्ये स्वतःच्या खुर्चीत बसवलं होतं. गोल फिरणारी, उंच पाठीची खुर्ची. केबिन गेटाच्या आतल्या अंगाला, पण फलकाच्या अलीकडे होती. एसी थेट अंगावर येत होता आणि त्यांना थंडी वाजली होती, म्हणून मांडीवरचा कोट त्यांनी अंगात घातला होता. पांढऱ्या साडीवर निळा कोट, बटणं लावलेली, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर. त्या कॅमेऱ्यांच्या पडद्यांकडे लक्ष देऊन बघत होत्या आणि शेजारी उभा राहून सिक्युरिटीवाला त्यांना कुठला पडदा कुठल्या गेटचा ते सांगत होता. एक ट्रक ड्रायव्हर खिडकीशी आला, आत बघितलं आणि आपली टोपी काढून म्हणाला, "मॅडम, एंट्री."

ओव्हाळ काचेपाशी गेले. सुनंदाबाईंनी त्यांना बघितलं आणि ओशाळून घाईघाईने कोटाची बटणं सोडायला लागल्या. "अवो, गारठले म्हून घातला. घ्या तुमचा. फोटो नाय काढायचा तुमाला?"

"राहू दे," ओव्हाळ म्हणाले. "उठू नको."

"अवो, पन..."

"बस गं. तशीच बस."

त्यांनी पिवळं जाकीट काढून सिक्युरिटीवाल्याला परत दिलं आणि आपला फोन त्याच्या हातात ठेवला. मग आत जाऊन खुर्चीच्या बाजूला, साहेबांच्या शेजारी उभं राहायची जन्मभराची सवय होती तसे, हात खाली सोडून उभे राहिले. सुनंदाबाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा काचेतून पलीकडच्या भिंतीकडे, आणि त्यांना कळलं. त्यांनी पदर सारखा केला, सुटलेलं बटण परत लावलं आणि खुर्चीत ताठ बसल्या.

"काका, हसा की थोडं," सिक्युरिटीवाला म्हणाला.

फोटोत ओव्हाळ हसलेले नाहीत. तो फोटो आता लोधिवलीच्या घरात सिमेंटी पडद्याच्या बाजूला, सोमाच्या फोटोसमोर लावलेला आहे. मुद्दाम समोर, म्हणजे त्याला दिसेल.